रॉकी एरिक्सन : आवाज आणि आजार

‘यू आर गॉना मिस मी’ हे गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. आधी गिटार एकटीच कॉर्ड आपटत येते. मग ड्रम मिळतात, त्यांच्यामागे कुठूनसा एक घुमणारा, थरथरणारा आवाज सुरू होतो आणि तो कशाचा असावा याचा अंदाज बांधेपर्यंत अठरा वर्षांचा एक मुलगा जीव तोडून किंचाळतो. विषय नेहमीचाच, प्रेमभंगाचा. पण गाणारा मुलगा रडत नाही की विनवणी करत नाही. माझी आठवण तुला छळणार आहे, हे तो बजावून सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं. हे ध्वनिमुद्रण टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात जानेवारी १९६६ मध्ये झालं. बँडचं नाव ‘द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’, गायकाचं नाव रॉकी एरिक्सन.

सायकेडेलिक रॉक म्हटलं की लोकांना सॅन फ्रान्सिस्को आठवतं, लंडन आठवतं, पिंक फ्लॉइड आठवतो. पण हा बँड घडला टेक्सासमध्ये. लांब केस ठेवले म्हणून रस्त्यात मार खावा लागेल असा तो प्रांत आणि तो काळ. एलएसडीच्या अमलाखाली मनाला जे दिसतं, ऐकू येतं, ते संगीतातून मांडायचं ही कल्पना १९६६ मध्ये बऱ्याच ठिकाणी एकाच वेळी आकार घेत होती. मात्र ती उघडपणे आपला कार्यक्रम म्हणून जाहीर करणाऱ्या पहिल्या काही बँडमध्ये एलिव्हेटर्स होते. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच तो शब्द आहे : ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’.

रॉकीची गोष्ट एरवी एका दमात उरकली जाते. गुणी पोरगा होता, एलएसडी घेतलं, डोकं फिरलं, वाया गेला. मला ही मांडणी अन्यायाची वाटते. त्याने नशा केली आणि भरपूर केली, हे खरंच आहे. पण त्याच्या आयुष्याची तीस वर्षं कशात गेली हे पाहायला लागलं, की त्यात एक अघोरी कायदा दिसतो, एक नीट उपचार न झालेला आजार दिसतो, आणि त्या आजाराचं कौतुक करणारे आपल्यासारखे श्रोतेही दिसतात.

रॉजर किनार्ड एरिक्सन हे त्याचं पूर्ण नाव. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘रॉकी’ झालं. जन्म १५ जुलै १९४७ चा, डॅलसमधला, वाढला ऑस्टिनला. पाच भावांत थोरला. वडील वास्तुविशारद होते. आई एव्हलिन गाणारी होती आणि मुलाच्या हातात वाद्य आलं ते तिच्यामुळे. लहान वयात पियानो, मग गिटार. लिटल रिचर्ड आणि जेम्स ब्राउन यांच्या तबकड्या ऐकून त्याने गळा तयार केला. ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला असताना केस कापण्याचा हुकूम झाला. शाळा संपायला थोडेच दिवस उरले होते, तरी रॉकीने केस ठेवले आणि शाळा सोडली. साल १९६५. ‘द स्पेड्स’ नावाच्या एका स्थानिक बँडमध्ये तो गात होता आणि स्वतःचंच ‘यू आर गॉना मिस मी’ त्याने पहिल्यांदा मुद्रित केलं ते या बँडबरोबर.

तिथे त्याला टॉमी हॉलने ऐकलं. टॉमी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकलेला, रॉकीपेक्षा काही वर्षांनी मोठा, भरपूर वाचलेला आणि त्याहून भरपूर बोलणारा. एलएसडी हे मानवी जाणीव बदलण्याचं साधन आहे आणि रॉक संगीत हा त्याचा प्रसार करण्याचा मार्ग, अशी त्याची ठाम श्रद्धा होती. त्याला गाता येत नव्हतं, गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्याकडे विचार होता. आवाज त्याला रॉकीत सापडला. टेक्सासच्या किनारपट्टीवर वाजवणाऱ्या ‘द लिंग्समेन’ या बँडमधून गिटारवादक स्टेसी सदरलँड, ड्रमर जॉन आइक वॉल्टन आणि बेसवर बेनी थर्मन आले. डिसेंबर १९६५ मध्ये नवा बँड उभा राहिला. ‘एलिव्हेटर्स’ हे नाव वॉल्टनने सुचवलं, त्याला ‘तेरावा मजला’ जोडला टॉमीची पत्नी क्लेमंटाइन हिने. अमेरिकेतल्या पुष्कळ उंच इमारतींत अपशकुन नको म्हणून तेरावा मजलाच मोजत नाहीत, लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदाचं बटण असतं. शिवाय इंग्रजी वर्णमालेतलं तेरावं अक्षर एम, म्हणजे मॅरिजुआनाचंही पहिलं अक्षर.

गाणी लिहिणाऱ्या टॉमीला मंचावरही जागा हवी होती. त्याने काय केलं, तर दारू साठवायचं निमुळत्या तोंडाचं मातीचं मडकं घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेत जुन्या लोकसंगीतात अशा मडक्यात फुंकर मारून खर्जातला सूर काढायची रीत होती. टॉमीने वेगळं केलं. मडक्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरायचा आणि आत फुंकण्याऐवजी तोंडाने भराभर आवाज काढायचे. मडक्यात ते घुमतात, ध्वनिवर्धकातून बाहेर पडतात तेव्हा वळचणीला बसलेली कबुतरं एकदम घुमू लागावीत तसा नाद येतो. जवळजवळ प्रत्येक गाण्यात तो आहे. काहींना त्याचा त्रास होतो. मला मात्र ‘यू आर गॉना मिस मी’ त्या नादाशिवाय ऐकण्याची कल्पना करवत नाही. रॉकीचा आवाज सरळ रेषेत वर चढत असतो तेव्हा खालची जमीन हलती ठेवण्याचं काम ते मडकं करतं.

हे गाणं ‘इंटरनॅशनल आर्टिस्ट्स’ या ह्यूस्टनच्या कंपनीने देशभर नेलं आणि बिलबोर्डच्या यादीत ते ५५ व्या क्रमांकापर्यंत गेलं. बँडच्या वाट्याला आलेलं हे एकमेव खरं यश. पैसा त्यातून फारसा हाती आलाच नाही. गाणं मुद्रित झालं त्याच जानेवारीत गांजा बाळगल्याबद्दल बँडवर पोलिसांची धाड पडली होती. त्या खटल्यात तुरुंग टळला, पण टेक्सासच्या पोलिसांच्या नजरेत ही मंडळी कायमची भरली. १९६६ च्या उन्हाळ्याअखेर बँड सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथल्या ॲव्हलॉन बॉलरूमचा चालक चेट हेल्म्स टेक्सासहूनच आलेला होता. ऑस्टिनमध्ये गाणारी जॅनिस जॉप्लिन एलिव्हेटर्समध्ये सामील होण्याच्या विचारात होती. तिला हेल्म्सनेच कॅलिफोर्नियाला बोलावून घेतलं होतं. तिच्या गाण्यातली ती फाटत जाणारी आर्त किंकाळी रॉकीकडून आली, असं मानणारे जाणकार आहेत. दोघांची त्या वर्षातली गाणी लागोपाठ ऐकली तर मलाही तसंच वाटतं.

‘ईस्टर एव्हरीव्हेअर’ हा दुसरा अल्बम १९६७ च्या अखेरीस आला. या बँडचं सगळ्यात मोठं काम हेच. तोवर वॉल्टन बाहेर पडला होता. प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळ्यांनी एलएसडी घ्यायचं हा टॉमीचा आग्रह त्याला मान्य नव्हता. त्याच्यासोबत थर्मनच्या जागी आलेला बेसवादक रॉनी लेदरमनही गेला. नवे दोघे आले, डॅनी गॅलिंडो आणि डॅनी थॉमस. अल्बमची सुरुवात ‘स्लिप इनसाइड धिस हाउस’ या आठ मिनिटांच्या गाण्याने होते. टॉमीने त्यात पौर्वात्य अध्यात्म, ख्रिस्ती प्रतिमा, पुनर्जन्म असं बरंच काही कोंबलं आहे. नुसत्या कागदावर वाचली तर ती कडवी जड जातात. रॉकी ती म्हणतो तेव्हा प्रत्येक ओळ त्याला या क्षणी सुचल्यासारखी वाटते. किंचाळणारा म्हणून प्रसिद्ध असलेला हा गायक किती हळुवार गाऊ शकत होता हेही इथेच कळतं. क्लेमंटाइनबरोबर लिहिलेलं आणि तिच्याच साथीत गायलेलं ‘आय हॅड टू टेल यू’ ऐकावं. बॉब डिलनचं ‘इट्स ऑल ओव्हर नाउ, बेबी ब्लू’ त्याने इतकं संथ आणि जवळून गायलं आहे, की गाणं त्याचंच होऊन जातं.

त्यानंतर सगळं वेगाने सुटत गेलं. १९६८ मध्ये सॅन अँटोनियोत ‘हेमिसफेअर’ नावाचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या कार्यक्रमात रॉकी असंबद्ध बोलू लागला. डॉक्टरांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि ह्यूस्टनच्या रुग्णालयात त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला विजेचे झटके दिले गेले. तो तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. हा आजार बहुधा याच वयात डोकं वर काढतो. आजाराची मुळं आधीपासून असलेल्या माणसाला एलएसडीसारखं द्रव्य धोक्याचं असतं, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. ते त्या काळी त्याच्या भोवतालच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

१९६९ मध्ये ऑस्टिनजवळच्या माउंट बॉनेल या टेकडीवर पोलिसांनी त्याला पकडलं. जवळ सापडली गांजाची एक सिगारेट. टेक्सासमध्ये तेव्हा गांजा कितीही थोडा असो, तो बाळगणं हा गंभीर गुन्हा होता आणि शिक्षा दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत काहीही होऊ शकत होती. रॉकीला दहा वर्षं आत जावं लागण्याची भीती होती. तुरुंग टाळण्यासाठी वेडेपणाचा बचाव घेतला गेला आणि कोर्टाने तो मानला.

हा मार्ग सुटकेचा वाटतो, पण त्यात एक मोठा धोका दडलेला होता. तुरुंगातल्या कैद्याला आपली तारीख ठाऊक असते. वेडेपणामुळे निर्दोष ठरलेल्या माणसाला तारीख नसते. तो बरा झाला असं अधिकारी म्हणेपर्यंत आणि कोर्ट ते मान्य करेपर्यंत त्याला ठेवून घेता येतं. रॉकीला आधी ऑस्टिनच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं होतं. तिथून तो पुन्हा पुन्हा पळाला. मग त्याची रवानगी पूर्व टेक्सासमधल्या रस्क येथे झाली. हे रुग्णालय मुळात तुरुंग म्हणून बांधलेलं, नंतर मनोरुग्णांसाठी वापरात आणलेलं. तिथल्या कडेकोट विभागात खून, बलात्कार केलेली माणसं होती, आणि त्यांच्यात एका सिगारेटपायी आलेला हा बावीस वर्षांचा गायक. त्याला थोराझीन दिलं जाई. थोराझीन भ्रम कमी करतं, पण मोठ्या मात्रेत माणसाला सुस्त आणि लाकडासारखा करून सोडतं.

रस्कमध्येही तो गात राहिला. आतल्याच रुग्णांना घेऊन त्याने ‘द मिसिंग लिंक्स’ नावाचा बँड उभा केला. त्याचे काही साथीदार खुनाच्या गुन्ह्यात आलेले होते. तो गाणी लिहीत होता, कविता लिहीत होता. त्या बाहेर पोचल्या आणि १९७२ मध्ये ‘ओपनर्स’ या नावाने छोटं पुस्तक निघालं. कवितांत देव आहे, प्रेम आहे, क्षमा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस कोर्टापुढे पुन्हा सुनावणी होऊन तो सुटला. १९७३ मध्ये टेक्सासने कायदा बदलला आणि थोडासा गांजा बाळगणं हा किरकोळ गुन्हा ठरला. रॉकीची तीन वर्षं तोवर गेली होती.

बाहेर आल्यावर त्याच्या गाण्यांतून देव दिसेनासा झाला आणि तिथे भुतं, सैतान, परग्रहावरचे जीव आले. नव्या बँडचं नाव आधी ‘ब्लाइब एलियन’, मग नुसतं ‘द एलियन्स’. १९७५ मध्ये ‘रेड टेम्पल प्रेयर’ ही तबकडी आली. टेक्सासचाच डग सॅम तिचा निर्माता होता. लहानपणापासून रॉकीला भयपटांचं वेड. ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ आणि ‘क्रीचर विथ द ॲटम ब्रेन’ ही त्याच्या गाण्यांची नावं १९४३ आणि १९५५ सालच्या चित्रपटांवरून सरळ उचललेली आहेत. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा माजी बेसवादक स्टू कुक याने १९७७ ते ७९ या काळात ही गाणी चिकाटीने मुद्रित केली. रॉकीची स्थिती रोज सारखी नसे, म्हणून आवाज तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडावा लागला. त्यातून १९८० मध्ये इंग्लंडमध्ये एक अल्बम आला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘द इव्हिल वन’. विक्री झाली नाही. पण पंक आणि हेवी मेटलच्या पोरांनी ही गाणी अक्षरशः पाठ केली. मला या गाण्यांत भीतीपेक्षा आसरा जास्त जाणवतो. ज्याच्या डोक्यात आवाज उठतात, ज्याच्यावर खरोखरच्या माणसांनी विजेचे झटके चालवले, त्याला पडद्यावरचा राक्षस ओळखीचा वाटला असेल तर नवल नाही. राक्षसाला निदान नाव तरी असतं.

१९८२ मध्ये रॉकीने एक प्रतिज्ञापत्र रीतसर नोटरीसमोर करून घेतलं. आपल्या शरीरात मंगळावरचा रहिवासी शिरला आहे, असं त्यात जाहीर केलं होतं. माणसं आपल्यावर मानसिक हल्ले करतात. आपण माणूसच नाही हे कागदावर आलं तर ते थांबतील, असा त्याचा हिशेब होता. रॉकच्या चाहत्यांमध्ये हा किस्सा फार लाडका आहे, मैफिलीत हसत सांगितला जातो. मला तो हसण्याजोगा वाटत नाही. एक आजारी माणूस त्याला ठाऊक असलेल्या एकमेव भाषेत, कायद्याच्या भाषेत, संरक्षण मागत होता.

पुढची वीस वर्षं तो ऑस्टिनच्या परिसरात सरकारी मदतीवर राहिला. आई त्याचं खाणंपिणं बघायची. रुग्णालयात मुलाचं जे झालं ते पाहिल्यावर तिचा भरवसा औषधांवर नव्हता, प्रार्थनेवर होता. घरात टीव्ही, रेडिओ आणि आणखी कसली कसली यंत्रं एकदम मोठ्या आवाजात चालू असत. बाहेरच्या गोंगाटात आतले आवाज बुडतात, म्हणून. टपालाचा त्याला छंद जडला. शेजाऱ्यांची पत्रं तो आणून ठेवायचा, घर सोडून गेलेल्यांचीही, आणि न उघडता भिंतीवर चिकटवायचा. अमेरिकेत टपाल चोरणं हा केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा. १९८९ मध्ये त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेण्यात आले.

या काळात त्याची कीर्ती मात्र वाढतच होती. १९९० मध्ये बिल बेंटली या टेक्सासच्या माणसाने ‘व्हेअर द पिरॅमिड मीट्स द आय’ हा मानवंदनेचा अल्बम काढला. त्यात आर.ई.एम., झी झी टॉप, प्रायमल स्क्रीम, जीझस अँड मेरी चेन यांनी रॉकीची गाणी गायली. जगभरची पोरं त्याच्या नावाची शपथ घेत होती आणि त्याचे दात हिरड्यांतच कुजत होते.

सगळ्यात धाकटा भाऊ समनर हा पिट्सबर्ग सिम्फनी वाद्यवृंदात ट्यूबा वाजवणारा. २००१ मध्ये त्याने कोर्टात जाऊन रॉकीचं कायदेशीर पालकत्व मिळवलं. आईचा विरोध होता. ‘यू आर गॉना मिस मी’ याच नावाच्या केव्हन मॅकॲलेस्टरच्या २००५ सालच्या माहितीपटात ही सगळी सुनावणी दिसते आणि ती बघवत नाही, कारण प्रेम दोन्ही बाजूंना आहे. समनरने भावाला पिट्सबर्गला नेलं. दात नीट करून घेतले. मानसोपचारतज्ज्ञ गाठला, नव्या पिढीची औषधं सुरू झाली. पैशाचे आणि उपचारांचे व्यवहार पाहायला न्यास केला. यातलं एकही काम प्रतिभेचं नाही. सगळी काळजी घेण्याची, रांगेत उभं राहून करायची कामं आहेत. त्यातली बहुतेक १९६८ मध्येही करता आली असती.

२००५ मध्ये ऑस्टिन सिटी लिमिट्स महोत्सवात रॉकीने जवळजवळ वीस वर्षांनंतर पहिला पूर्ण कार्यक्रम केला. गाडी चालवायचा परवाना काढला, गाडी घेतली. २००७ मध्ये तो कोचेलाला गायला, मग युरोपात गायला. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या ‘लेव्हिटेशन’ महोत्सवात एलिव्हेटर्स पुन्हा एकत्र उभे राहिले : रॉकी, मडकं घेतलेला टॉमी, वॉल्टन आणि लेदरमन. महोत्सवाचं नावही त्यांच्याच एका गाण्यावरून ठेवलेलं. स्टेसी सदरलँड नव्हता. १९७८ मध्ये ह्यूस्टनच्या घरात पत्नीच्या हातून गोळी लागून तो गेला होता. रॉकी ३१ मे २०१९ रोजी ऑस्टिनमध्येच वारला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

ज्यांना त्याला ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी १९६८ सालच्या ‘लाइव्ह’ या अल्बमपासून लांब राहावं. कंपनीने स्टुडिओतल्या उरल्यासुरल्या ध्वनिफितींवर टाळ्या चिकटवून तो विकला होता. ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’पासून सुरुवात करावी, मग ‘द इव्हिल वन’ घ्यावा, आणि त्यानंतर २०१० चा ‘ट्रू लव्ह कास्ट आउट ऑल इव्हिल’. ओकर्व्हिल रिव्हर या बँडच्या विल शेफने रॉकीच्या अप्रकाशित गाण्यांचा ढीग चाळून त्यातली बारा निवडली आणि आपल्या बँडच्या साथीने त्याच्याकडून गाऊन घेतली. पहिल्या गाण्यात मात्र रस्कच्या रुग्णालयातलं जुनं, खरखरणारं मुद्रण तसंच ठेवलं आहे. तरुण रॉकी गिटारवर देवाचं गाणं म्हणतो आहे. पुढे ‘प्लीज जज’ लागतं. या पोराला दूर पाठवू नका, अशी ती न्यायाधीशाला केलेली विनंती आहे. ती गातो तो बासष्ट वर्षांचा रॉकी, जाड झालेल्या आवाजात, कुठेही न किंचाळता.